वार जुळला पाहिजे : परभणीच्या गणकांचा ताळा

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात चारठाणा हे गाव आहे. गोकुळेश्वराचे मंदिर, नरसिंहाचे मंदिर, पायऱ्यांची बारव आणि उंच कोरीव स्तंभ असे यादवकाळातले काम तिथे अजून उभे आहे. हे सगळे पाहून लोक त्याला एका शब्दात ‘हेमाडपंती’ म्हणतात. ज्याच्या नावावर ही शैली लागली तो हेमाद्री मात्र पाथरवट नव्हता. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा तो श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या दप्तराचा आणि हिशेबाचा प्रमुख. बांधकामाच्या एका अख्ख्या पद्धतीला हिशेबनिसाचे नाव मिळावे, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

यादवांच्या मुलखात गणिताला दरबारी मान होता. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेले. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि त्याला १२०७ साली दिलेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. एकोणिसाव्या शतकात तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. राजवट गेली तरी ही परंपरा बुडाली नाही. चारठाण्याहून दक्षिणेला सेलू ओलांडून पाथरीकडे गेले की तिचा पुढचा मोठा मुक्काम लागतो.

त्या मुक्कामाची गोष्ट आज सांगण्याला कारण आहे. संगणकावर आकडेमोडीची जी तयार साधने असतात, उदाहरणार्थ पायथन भाषेतली नमपाय किंवा सायपाय, त्यांच्या कोडमध्ये जागोजागी तपासणीच्या ओळी असतात. ‘इथवर आल्यावर हे खरे असलेच पाहिजे, नसेल तर थांब’ असे ती ओळ बजावते. प्रोग्रॅमर तिला असर्शन म्हणतात. हे शास्त्र गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतले मानले जाते, आणि यंत्रापुरते ते खरेही आहे. पण उत्तराचा ताळा उत्तराच्या पोटातच ठेवायचा, तो मागाहून जोडायचा नाही, ही शिस्त गोदाकाठच्या गणकांनी फार आधी अंगी बाणवली होती. तीही नुसती सवय म्हणून नव्हे, तर विचार करून.

सुरुवात भास्कराचार्यांच्या लीलावतीपासून करावी लागते. ११५० सालच्या या ग्रंथात गुणाकाराचे पहिले उदाहरण १३५ गुणिले १२ असे आहे. उत्तर १६२०. पुढे भागाकार येतो तेव्हा भास्कराचार्य नवे आकडे घेत नाहीत. त्याच १६२० ला १२ ने भागायला सांगतात आणि १३५ परत मिळवतात. वर्गाच्या पाठात ९, १४, २९७ आणि १०००५ यांचे वर्ग करून घेतात. वर्गमुळाच्या पाठात ४ आणि ९ यांच्या जोडीला आधी काढलेल्या वर्गांचीच मुळे विचारतात. घन आणि घनमूळ यांतही तेच. शिकणाऱ्याला कळते की प्रत्येक कृतीला उलटी कृती असते आणि दोन्ही करून मूळ आकडा हाती आला तरच गाडी रुळावर आहे. त्याहून जुन्या बख्शाली हस्तलिखितातही उदाहरण सोडवून झाल्यावर पडताळा मांडून दाखवलेला दिसतो.

मात्र लीलावतीतला सगळ्यात मोलाचा ताळा न जुळणारा आहे. वर्तुळाच्या परिघासाठी ग्रंथात दोन गुणोत्तरे दिली आहेत : सूक्ष्म ३९२७/१२५० आणि स्थूल २२/७. व्यास ७ घेतला तर सूक्ष्म परीघ २१ पूर्णांक १२३९/१२५० येतो, स्थूल परीघ २२. आता उलटे जा. परीघ २२ धरून सूक्ष्म रीतीने व्यास काढला तर तो ७ येत नाही, ७ पूर्णांक ११/३९२७ येतो. हा उरलेला ११/३९२७ भास्कराचार्य लपवत नाहीत, उदाहरणातच मांडतात. जाण्याची वाट स्थूल आणि परतीची सूक्ष्म असेल तर किती तफावत पडेल, हे मुलाच्या डोळ्यांसमोर येते. ही तफावत चूक नव्हे. ती रीतीच्या खडबडीतपणाचे माप आहे. आकडेमोडीचा कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा फरक कधी ना कधी शिकावाच लागतो.

आता पाथरीच्या मुक्कामाला येऊ. सोळाव्या शतकात ती पार्थपूर म्हणून ओळखली जाई. तिथे ज्ञानराज नावाच्या गणकाने शके १४२५, म्हणजे १५०३ साली, ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास. त्याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ साली ‘सूर्यप्रकाश’ आणि लीलावतीवर १५४१ साली ‘गणितामृतकूपिका’ अशा टीका लिहिल्या. याच सूर्य पंडिताचे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ प्रसिद्ध आहे. त्यातले श्लोक सुलट वाचले की रामाची कथा आणि उलट वाचले की कृष्णाची. कवी म्हणून त्याला मिळालेली दाद रास्तच आहे. पण दिवसभर गणिताची उदाहरणे उलट-सुलट करून पाहणाऱ्या माणसालाच असले काव्य सुचावे, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

टीका म्हणजे नुसता अर्थ नव्हे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या गोलाध्यायात सांगून ठेवले होते की उपपत्ती, म्हणजे रीत का चालते याचे कारण, ठाऊक नसलेल्या गणकाला विद्वानांच्या सभेत मान मिळत नाही आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही. यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. गणकाला लोकांपुढे उत्तर द्यावे लागते हे खरे, पण पहिला हिशेब त्याला स्वतःला द्यावा लागतो.

बीजगणितातले एक उदाहरण तर ताळ्याचे सामर्थ्य दाखवायला पुरेसे आहे. एका संख्येचा वर्ग करून ६१ ने गुणायचा, त्यात १ मिळवायचा आणि येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग असली पाहिजे. चक्रवाल रीतीने भास्कराचार्यांनी सर्वांत लहान उत्तर काढले : २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. हे शोधायला असामान्य बुद्धी लागली. ते तपासायला मात्र शाळेतला गुणाकार पुरतो. पूर्ण गुणाकार करायचा नसेल तर निदान नवाचा ताळा पाहावा. पहिल्या संख्येतल्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे नवाने शेष ०. वर्ग करून ६१ ने गुणले तरी ०, त्यात १ मिळवून १. दुसरीची बेरीज ४६, शेष १, त्याचा वर्ग १. दोन्ही बाजू जुळल्या.

नवाचा हा ताळा मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. गुणाकार, भागाकार, वर्ग, घन यांसाठी तो दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धान्तात सापडतो. हा ग्रंथ दहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्याची मर्यादाही लवकरच लक्षात आली असावी, कारण १३५६ साली नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त नऊच का, हव्या त्या संख्येने ताळा पाहा, असे सांगितले. त्यामागचे कारण लीलावतीच्याच उदाहरणावर पटते. १३५ ला नवाने भाग जातो. त्यामुळे १२ ऐवजी चुकून १३ ने गुणले आणि १७५५ आले, तरी नवाचा ताळा बिनबोभाट जुळतो, दोन्हीकडे ०. तोच ताळा सातने पाहा. १३५ चे शेष २, १२ चे ५, गुणाकार १०, म्हणजे शेष ३. १६२० ला सातने भागले तर ३ उरतात. १७५५ ला भागले तर ५. चोर सापडला. जुळलेला ताळा म्हणजे बरोबर उत्तर नव्हे. त्या ताळ्याला दिसू शकणाऱ्या चुका झालेल्या नाहीत, एवढेच त्यातून सिद्ध होते.

आता थोडे कोकणात जावे लागेल, कारण पुढचा धागा तिथून येतो. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावी केशव दैवज्ञ आणि त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ होऊन गेले. केशवांनी १४९६ च्या सुमाराला ‘ग्रहकौतुक’ लिहिले आणि स्वतः आकाशात वेध घेऊन जुन्या सिद्धान्तांचे ग्रह कुठे चुकतात ते नोंदले. गणेशांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचले. सौर, आर्य आणि ब्राह्म अशा जुन्या सिद्धान्तांच्या परंपरा होत्या, त्यांना पक्ष म्हणत. त्यांतला कोणताही एक गणेशांनी डोळे झाकून स्वीकारला नाही. सूर्य त्यांनी सौरपक्षाचा घेतला; चंद्रही सौरपक्षाचाच, पण ९ कला वजा करून. मंगळ, गुरू आणि राहू आर्यपक्षाचे. शनी आर्यपक्षाचा, पण त्यात ५ अंश मिळवून. शुक्राचे केंद्र ब्राह्म आणि आर्य या दोन पक्षांच्या मधोमध. असे का, याचे कारण त्यांनी एकच दिले : असे घेतले म्हणजे गणित डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाशी जुळते. शेवटचा ताळा आकाशाचा, आणि त्याच्यापुढे कोणत्याही आचार्याचे नाव चालत नाही, ही भूमिका सोळाव्या शतकातल्या एका कोकणी ज्योतिष्याने इतक्या स्वच्छपणे घ्यावी याचे मोल फार मोठे आहे.

याच ग्रंथात एक तपासणी अशी आहे की आजच्या प्रोग्रॅमरने ती पाहिली तर तो लगेच ओळखेल. पंचांग करताना पहिली पायरी अहर्गणाची, म्हणजे ठरलेल्या आरंभापासून आजवर किती दिवस गेले ते मोजण्याची. गणेशांनी मोठे आकडे टाळण्यासाठी ११ वर्षांचे एक चक्र केले. त्याचे दिवस ४०१६. शकातून १४४२ वजा करून ११ ने भागले की भागाकार म्हणजे झालेली चक्रे. शके १९४७ चे पाहा : ५०५ ला ११ ने भागून ४५ चक्रे, उरली १० वर्षे. या वर्षांचे आणि महिन्यांचे दिवस करताना तिथी मोजाव्या लागतात, आणि साधारण ६४ तिथींमागे एक दिवस कमी करावा लागतो. हा हिशेब मध्यम, म्हणजे सरासरी मानाचा. पंचांगातली तिथी मात्र स्पष्ट, म्हणजे प्रत्यक्ष मानाची. त्यामुळे काठावर कधी एखादा दिवस इकडे, कधी तिकडे सरकतो. एक दिवस चुकला तर चंद्र सुमारे १३ अंश चुकतो आणि पुढचे सगळे गणित वाया जाते.

यावर उपाय वाराचा. ४०१६ ला ७ ने भागले तर ५ उरतात. म्हणून चक्रांची संख्या ५ ने गुणायची, तीत चालू चक्रातला अहर्गण मिळवायचा, ७ ने भागायचे आणि शेष सोमवारपासून मोजायचे, कारण आरंभ सोमवारचा. जो वार येईल तो आजच्या वाराशी जुळला पाहिजे. एकाने चुकत असेल तर अहर्गणात एक मिळवावा किंवा वजा करावा, आणि मगच पुढे जावे.

ही तपासणी जितकी पाहावी तितकी आवडत जाते. वाराची साखळी गणिताच्या बाहेरची आहे. ती पंचांगकर्त्याने मोजलेली नाही, गावातल्या बाजाराच्या दिवसाने सांभाळलेली आहे, आणि म्हणूनच तिची साक्ष घेता येते. आपल्याच आकड्याने आपलाच आकडा तपासण्यात अर्थ नसतो. शिवाय ही तपासणी सगळ्यात आधीच्या पायरीवर बसवली आहे, चूक पसरण्यापूर्वी. आणि तिची आंधळी बाजूही उघड आहे : चूक पूर्ण सात दिवसांची झाली तर वार गप्प बसतो. पण तिथीच्या हिशेबात जी चूक सहज होते ती एका दिवसाची, आणि नेमकी तीच वार पकडतो.

गणेश दैवज्ञांकडे शिकलेला दिवाकर हा गोलग्रामचा. गोदावरीच्या उत्तर तीरावरचे हे गोलग्राम म्हणजे परभणी भागातलेच गोळेगाव असे अभ्यासक मानतात. दिवाकराच्या घराण्याने भारतीय ज्योतिषाला जेवढी माणसे दिली तेवढी क्वचितच एखाद्या गावाने दिली असतील. विष्णू, कृष्ण, मल्लारी, केशव, विश्वनाथ हे मुलगे. कृष्णाचा मुलगा नृसिंह, ज्याने १६२१ साली सिद्धान्तशिरोमणीवर ‘वासनावार्तिक’ लिहिले. आणि नृसिंहाचा मुलगा कमलाकर, ज्याचा ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ १६५८ साली काशीत पुरा झाला. ध्रुवतारा अगदी स्थिर नाही, तोही किंचित सरकतो, हे कमलाकराने नोंदवले आहे. ज्याला सगळे अढळ म्हणत आले तेही पारखून घेण्याची या घराची रीत होती.

पण इथे थांबायचे ते मल्लारी आणि विश्वनाथ या दोन भावांपाशी. ‘ग्रहलाघव’ अतिशय सोपे, ज्यांच्या कोष्टकांनी लोक घाबरतात त्या ज्या-कोज्या टाळून केलेले. त्यामुळे ते झपाट्याने पसरले आणि महाराष्ट्रात व गुजरातेत पंचांगे त्याच्यावर होऊ लागली. ग्रंथ एवढा वापरात आला की त्यातली एक चूक शेकडो पंचांगांत उतरणार, आणि तिच्या मागोमाग सण, लग्ने, ग्रहणे सगळीकडे गोंधळ होणार. नक्कलकाराच्या हातून अक्षर गळणे तर रोजचेच. श्लोकात आकडे शब्दांनी गुंफलेले असत : भ म्हणजे नक्षत्रे २७, नंद ९, अग्नी ३, उजवीकडून डावीकडे मांडून ३९२७. अक्षर गळले तर वृत्त मोडे आणि वाचणाऱ्याला खटके. पण एका शब्दाच्या जागी त्याच मापाचा दुसरा शब्द पडला तर वृत्त शाबूत आणि आकडा चुकलेला.

मल्लारीने या ग्रंथाच्या प्रत्येक रीतीची उपपत्ती लिहिली. विश्वनाथाने उदाहरणे लिहिली : अमुक शक, अमुक महिना, अमुक तिथी, अमुक वार घेऊन पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंतचे सगळे आकडे, मधले टप्पेही. एका भावाने रीत का चालते ते सांगितले, दुसऱ्याने ती चालवून दाखवली. विद्वानांनी विश्वनाथाला बहुधा दुय्यम मानले, कारण त्याने नवा सिद्धान्त मांडला नाही. हा निवाडा अन्यायाचा आहे. दूरच्या गावी, गुरू जवळ नसताना, हातातली पोथी बरोबर उतरली आहे की नाही हे विश्वनाथाच्या आकड्यांशिवाय कोणाला कळले असते?

यंत्राच्या जगात हाच विचार ॲलन ट्युरिंगने २४ जून १९४९ रोजी केंब्रिजच्या परिषदेत मांडला. त्याच्या छोट्या निबंधाचा विषयच मोठा प्रोग्रॅम कसा तपासावा हा होता. त्याने दाखला दिला बेरजेचा. पाच चार-अंकी संख्यांची बेरीज नुसत्या उत्तरावरून तपासायची तर सगळी पुन्हा करावी लागते. पण हातचे लिहून ठेवले असतील तर प्रत्येक स्तंभ वेगळा, वेगवेगळ्या माणसांनाही तपासता येतो. तसेच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठिकठिकाणी ठाम विधाने लिहून ठेवावीत. ती एकेक करून तपासली की सगळ्याची खात्री होते. विश्वनाथाने मधले टप्पे लिहिले ते याचसाठी.

उलट्या कृतीचा ताळा किती उपयोगी पडतो हे १९९४ साली साऱ्या जगाने पाहिले. व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते, आणि त्यांचे आकडे जुळेनात. शोधता शोधता दोष इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये निघाला. भागाकारासाठी चिपमध्ये भरलेल्या कोष्टकातल्या ५ नोंदी गळल्या होत्या. पोथीत अक्षर गळावे तसे. लोकांनी मग एक साधी परीक्षा फिरवली : ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा, उत्तर पुन्हा ३१४५७२७ ने गुणा आणि मूळ संख्येतून वजा करा. चांगल्या यंत्रावर ० यायला हवे. दोषी पेंटियमवर २५६ येई. लीलावतीतल्या १३५ आणि १२ च्या पाठापेक्षा यात वेगळे काही नाही, आकडे तेवढे मोठे. इंटेलने त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भुर्दंड सोसला.

११/३९२७ चा धडाही तसाच जिवंत आहे. संगणक दोनच अंकांत मोजतो आणि त्या मोजणीत एक दशांश कधीच पुरा लिहिता येत नाही, जसा दशमान पद्धतीत एक तृतीयांश येत नाही. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज संगणकात नेमकी ०.३ येत नाही. सतराव्या दशांश स्थळावर किंचित उरते. ‘दोन्ही समान आहेत’ अशी तपासणी तिथे लिहिली तर बरोबर कोडही नापास होतो. त्यासाठी नमपायमध्ये असर्ट_ऑलक्लोज नावाची सोय आहे. अपेक्षित उत्तराच्या एक कोटीव्या भागापर्यंतचा फरक ती मुळात चालवून घेते, आणि लिहिणाऱ्याला ही मर्यादा बदलता येते. पण अपेक्षित उत्तरच ० असेल तर त्याचा कोटीवा भागही ०, आणि मग ती काहीच चालवून घेत नाही. तिथे वेगळी मर्यादा हाताने द्यावी लागते. किती तफावत रीतीची आणि किती चुकीची, हे यंत्र ठरवत नाही. ते गणकाला ठरवावे लागते.

दुसरी एक सवय मात्र धोक्याची आहे. पायथनमधल्या साध्या असर्ट ओळी, प्रोग्रॅम विशिष्ट पर्याय देऊन चालवला की गाळल्या जातात. सी भाषेतही तशी सोय आहे. वेग वाढतो म्हणून लोक ती वापरतात. ज्या कोडवर दुसऱ्यांचे काम उभे आहे त्यात वापरणाऱ्याने दिलेले आकडे तपासण्याची जबाबदारी अशा गळणाऱ्या ओळींवर टाकू नये. तिथे तपासणी कायमची, चूक उघड कळवणारी हवी. असर्ट ओळ लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या गृहीतांसाठी आणि चाचण्यांसाठी ठेवावी. गणेश दैवज्ञांनी वाराचा ताळा ऐच्छिक ठेवला नव्हता, अहर्गणाच्या रीतीतच विणला होता.

मल्लारी आणि विश्वनाथ या दोघांच्या टीकांसह ‘ग्रहलाघव’ १९०४ साली सुधाकर द्विवेदींनी काशीत छापले. ती आवृत्ती आजही अभ्यासता येते. ग्रहलाघवाच्या रीतींवर संगणकाचा प्रोग्रॅम लिहू पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने चाचणीचे आकडे मनाने घेऊ नयेत. गोलग्रामच्या विश्वनाथाने ते पायरीपायरीने करून ठेवले आहेत. अहर्गणाचा आकडा अचूक जुळला पाहिजे, त्याला सूट नाही. ग्रहांच्या राशी, अंश, कला यांना एखाद्या विकलेची सूट द्यावी, कारण विश्वनाथही विकलेपाशी थांबून पुढचे सोडून देतो. आणि या सगळ्यांच्या आधी, पहिल्या चाचणीत, वार तपासावा.